आमच्या पाण्याला साबण कमी लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत घरगुती बचतीच्या युक्त्या येऊ लागतात. त्यांतल्या बऱ्याचशा घाटापलीकडच्या असतात. तिकडे पाणी जड, म्हणजे क्षारांचे, हवा कोरडी, आणि आषाढातही अधूनमधून ऊन पडते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथे ‘कडक उन्हात वाळवा’ हा सल्ला चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत घडी करून ठेवायचा. दुसरे म्हणजे आमचे पाणी जांभ्यातून झिरपून येते. ते हलके असते, पण लोह घेऊन येते. युक्ती छापताना ती कुठल्या पाण्याची आणि कुठल्या हवेची हे एका ओळीत दिले तर वाचकांचा साबणही वाचेल आणि कपडेही. तोवर गोव्याच्या घरांत खरोखर उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी कळवत आहोत.

आधी घरचे पाणी ओळखावे. स्वच्छ बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्यावे, अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा कीस टाकावा आणि बाटली दहा-पंधरा वेळा जोरात हलवावी. कपड्यांची पावडर इथे चालत नाही, तिचा फेस जड पाण्यातही होतो. दोन बोटे फेस येऊन टिकला तर पाणी हलके. फेस बसला आणि वर दह्यासारखी साय तरंगू लागली तर जड. ओपा, अस्नोडा, साळावली इथून येणारे नळाचे पाणी आणि डोंगराच्या कुशीतल्या विहिरी बहुधा पहिल्या प्रकारात मोडतात. किनाऱ्यालगतच्या काही बोअर आणि एप्रिल-मेमध्ये मचूळ होणाऱ्या विहिरी दुसऱ्या.

पाणी हलके निघाले तर साबणाचे माप निम्म्यावर आणावे. पाकिटावरचे माप देशभराच्या पाण्यासाठी एकच असते. ७ किलोच्या मशीनला, कपडे नुसते घामट असतील, तर पावडरचे तीन सपाट मोठे चमचे म्हणजे साधारण ३० ग्रॅम पुरतात. चिखलाचे असतील तर आणखी एक. साबण जास्त होतोय का हे कळायला सोपी परीक्षा आहे: धुऊन वाळलेला एक टॉवेल कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून हाताने घुसळायचा. नुसत्या पाण्याला फेस आला तर तो तुमच्या पैशांचाच आहे. हा राहिलेला साबण हवेतला दमटपणा ओढतो, टॉवेल कडक करतो आणि बुरशीला बसायला जागा देतो. असे टॉवेल दोनदा साबणाशिवाय, दुसऱ्या वेळी शेवटच्या पाण्यात पाव वाटी व्हिनेगर घालून धुतले की पुन्हा पाणी टिपू लागतात. सुगंधी सॉफ्टनर मात्र टॉवेलांना लावूच नये. तो धाग्यावर तेलकट थर धरतो आणि मग टॉवेल अंग पुसायच्या कामाचा राहत नाही. मशीनमधला चुना काढायची महागडी पुडीही हलक्या पाण्याच्या घराला लागत नाही, कारण तिथे चुना साचतच नाही. साचतो तो साबणाचा राडा, तोही दाराच्या रबरी घडीत. ती घडी उलटून फडक्याने पुसणे, दार उघडे ठेवणे आणि महिन्यातून एकदा रिकामे मशीन ६० अंशांवर फिरवणे, एवढे पुरे.

आता लोहाची गोष्ट. विहिरीच्या पाण्याने पांढरे कपडे पिवळे का पडतात याचे उत्तर बहुतेक वेळा लोह हेच असते, आणि नेमका तिथेच ब्लीचचा सल्ला घात करतो. पाण्यात विरघळलेले लोह डोळ्यांना दिसत नाही. ब्लीच पडले की त्याचा गंज होऊन तो धाग्यात बसतो, आणि पांढरा सदरा बदामी होऊन निघतो. मग लोक आणखी ब्लीच घालतात. पाण्यात लोह आहे का हे बघायला कोऱ्या चहाचा पेला पुरतो. कडक, बिनदुधाच्या चहात तेवढेच विहिरीचे पाणी ओतावे. रंग फिका होण्याऐवजी शाईसारखा काळपट झाला तर लोह आहे. पांढरी बादली भरून रात्रभर ठेवली तर सकाळी तळाला नारिंगी गाळही दिसतो. अशा घरी पाणी एका बादलीतून दुसरीत उंचावरून पाच-सहा वेळा ओतून रात्रभर निवळत ठेवावे आणि सकाळी वरचे तेवढे मगाने काढून घ्यावे. सगळे लोह जात नाही, पण बरेचसे खाली बसते. आणि पावसाळ्यात त्याहून सोपा उपाय दारातच पडत असतो. पहिल्या आठ-दहा सरींनी कौले धुऊन निघाली की पागोळीखाली बादल्या लावाव्यात. पावसाच्या पाण्यात लोह नसते आणि त्याहून हलके पाणी कुठे विकत मिळत नाही. पांढरे कपडे, शाळेचे गणवेश, देवाची वस्त्रे यांचे शेवटचे खळबळणे तेवढे पागोळीच्या पाण्यात करावे. पत्र्याचे गंजके छप्पर असेल तर मात्र हे पाणी वापरू नये.

बसलेला गंजाचा डाग काढायला बाजारातले औषध नको, परसातले बिंबल (बिलिंबी) पुरते. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते आणि ते गंजातले लोह विरघळवून घेते. पिकून मऊ झालेले नको, हिरवे टणक घ्यावे, त्यात आम्ल जास्त. डाग पाण्याने भिजवावा, खाली जुन्या पांढऱ्या कापडाची जाड घडी ठेवावी. बिंबल उभे चिरून कापलेल्या बाजूला चिमूटभर बारीक मीठ लावावे आणि डागावर दाबत दाबत फिरवावे. खसाखसा घासू नये. रस सुकायला लागला की दुसरी फोड घ्यावी. पंधरा-वीस मिनिटांत नारिंगी डाग पिवळट होतो, कडा विरघळू लागतात आणि खालच्या घडीवर तोच रंग उतरलेला दिसतो. रस कपड्यावर सुकू देऊ नये, सुकताना आम्ल तीव्र होते आणि सुती धागा कुजतो. मग नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यात तीनदा खळबळून मगच साबण लावावा. घाईने साबण आधी लावला तर आम्ल मरते आणि सुटलेले लोह पुन्हा तिथेच बसते. बहुतेकांची बिंबले इथे वाया जातात आणि दोष बिंबलाला मिळतो. हे काम पांढऱ्या सुती कपड्यांपुरतेच. रेशमी आणि रंगीत कपड्यांना नाही.

काजूच्या बोंडूचा आणि केळफुलाच्या चिकाचा डाग याच्या अगदी उलट वागतो. त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असते, आणि टॅनिनला लोह भेटले की शाई तयार होते, वर सांगितलेल्या चहासारखी. म्हणून बोंडूचा डाग विहिरीवर धुवायला नेऊ नये, आणि वडीचा साबणही आधी लावू नये. डाग ओला आहे तोवर कापड उलटे धरून मागच्या बाजूने नळाची धार सोडावी, मग लिंबू, मग पावडर. सुकून तपकिरी झाला तर पूर्ण निघण्याची आशा धरू नये. केळफूल चिरताना हाताला आणि विळीला खोबरेल लावले की निम्मा प्रश्न आधीच मिटतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो म्हणून घाबरण्याचे कारण नाही, सोड्यामुळे हळद रंग बदलते एवढेच. ती उन्हाने उडते. धुऊन ठेवावा आणि पहिल्या उघडिपीला तासभर बाहेर टाकावा.

वाळवण हा तर पावसाळ्यातला सगळ्यात मोठा खर्च, आणि तो इस्त्रीच्या बिलातून येतो. ओल्या जीन्समध्ये अर्धा किलो पाणी राहिले असेल तर त्याची वाफ करायलाच सुमारे पाव युनिटाहून जास्त वीज लागते, आणि इस्त्रीची बरीच उष्णता हवेतच जाते. तेच पाणी मशीनमध्ये आणखी एकदा पिळून काढायला त्याच्या दहाव्या हिश्शाचीही वीज लागत नाही. म्हणून पावसाळ्यात नुसता स्पिन दोनदा लावावा, मध्ये कपडे हाताने सुटे करून. हाताने धुणाऱ्यांनी कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पायाने दाबावा. नुसत्या पिळण्यापेक्षा पाणी जास्त निघते आणि शिवण ओढली जात नाही. मग दोरीवर दोन कपड्यांत चार बोटे जागा. जीन्स उलटी करून कमरेच्या दोन्ही बाजूंना चिमटे लावून नळीसारखी उघडी टांगावी, खिसे बाहेर ओढून. सदरे हँगरवर, वरचे बटण लावून. छताच्या पंख्यापेक्षा जमिनीवरचा पंखा दोरीखालून तिरका लावला तर वारा कपड्यांच्या आत शिरतो. ७५ वॉटचा पंखा आठ तासांत ०.६ युनिट घेतो. त्याच वेळी समोरची खिडकी दोन बोटे उघडी हवी. दारे-खिडक्या गच्च बंद करून पंखा फिरवला तर तीच ओली हवा घरभर फिरते आणि कपड्यांऐवजी भिंतींना बुरशी येते.

तरीही कुबट वास आला तर तो सुगंधाने झाकू नये. कपडा फार वेळ ओला राहिला की त्यात जिवाणू वाढतात, आणि ते नुसत्या गार पाण्याच्या धुण्याने जात नाहीत. वाळल्यावर वास जातो, अंगात घालून घाम आला की परत येतो, हा त्याचाच पुरावा. त्यांना ६० अंशांचे पाणी लागते. त्यासाठी थर्मामीटर नको. बादलीत आधी नळाचे पाणी आणि मग तेवढेच उकळते ओतले की साठच्या आसपास येते. दहा लिटरला पाच लिटर उकळावे लागते, त्याला साधारण ५५ ते ६० ग्रॅम गॅस. आठवड्यातून एकदा टॉवेल, मोजे, पायपुसणी आणि स्वयंपाकघरातली फडकी त्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवावीत. बुरशीचे काळे ठिपके पडले असतील तर सोड्याऐवजी ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेले), पण आधी गंजाचा डाग नाही ना हे पाहून. लोह असलेल्या जागी ऑक्सिजन ब्लीच धागाच खाते आणि कपड्याला टाचणीएवढी भोके पडतात. लोकर, रेशीम आणि इलॅस्टिकचे कपडे या गरम पाण्यात घालू नयेत.

दोन चुकीच्या युक्त्यांचा इथेच निकाल लावतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातले की फसफसते, ते बघायला छान वाटते, पण दोघेही एकमेकांना मारून टाकतात आणि उरते ते जवळजवळ साधे खारट पाणी. एक आधी, दुसरे खळबळून झाल्यावर. आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा बिंबल कधीच पडू देऊ नये, विषारी वायू सुटतो. न्हाणी लहान आणि पावसामुळे बंद असते हे विसरू नये. तिसरी राहिलीच: नवीन कपड्याचा रंग मिठाने पक्का होत नाही. कच्चा रंग जाणारच, कपडा वेगळा धुवा.

कपाटात ठेवायच्या सुती साड्यांना पावसाळ्यात खळ घालू नये. खळ म्हणजे पिठूळ खाणेच. त्यावर बुरशीही येते आणि कसरही लागते. चवथीला नेसायची साडी आदल्या दिवशी खळ घालून इस्त्री करावी. त्यासाठी उकड्या तांदळाच्या पेजेचे वरचे निवळ फडक्यातून दोनदा गाळून, एक वाटी निवळाला तीन लिटर पाणी. न गाळता घातली तर इस्त्रीखाली पांढऱ्या कण्या चिकटतात. कपाटाच्या तळाला पसरट चिनीमातीच्या भांड्यात अर्धा किलो खडे मीठ ठेवावे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढू लागते, आणि जुलैत ती त्याहून वरच असते. मीठ ओलसर दिसले की कढईत कोरडे करून परत ठेवायचे. बंद कपाटातच याचा उपयोग होतो, उघड्या खोलीत ठेवून काही होत नाही. भांडे स्टीलचे किंवा लोखंडाचे नको, आणि वरच्या कपड्यांना शिवायला नको.

स्वयंपाकघरात पहिला मान नारळाचा, त्याच्या दरामुळेही. नारळ साठवताना शेंडी ठेवूनच सोलून घ्यावेत आणि शेंडी वर करून उभे ठेवावेत. आडवे ठेवले की आतले पाणी डोळ्यांना लागते आणि तिथून नारळ कुजायला लागतो. याच कारणाने फोडल्यावर डोळ्यांकडची वाटी आधी वापरायची आणि दुसरी फ्रीजमध्ये ठेवायची. फार लोक हे उलटे करतात आणि दोन दिवसांनी चिकट झालेली वाटी टाकतात. रस काढताना खवलेल्या खोबऱ्यात गार पाणी न घालता हात सोसेल इतके गरम एक वाटी पाणी घालून दहा मिनिटे थांबावे, मग मिक्सर थांबत थांबत फिरवावा. खोबऱ्याचे तेल गार पाण्यात थिजून चोथ्यातच राहते, म्हणून गार पाण्याने रस पातळ निघतो. दुसरा रस शिजवायला, पहिला शेवटी, आणि तो घातल्यावर उकळी नाही. उरलेला चोथा मंद आचेवर कोरडा होईपर्यंत परतून त्यात सुकी मिरची, लसूण आणि दोन सोलं (आमसुले) घालून वाटला की पेजेबरोबर चार दिवसांची चटणी झाली.

पेजेचे उकडे तांदूळ रात्री भिजत घालावेत. वाटीभर तांदळाला सात ते आठ वाट्या पाणी. कुकर अर्ध्याच्या वर भरू नये आणि पाव चमचा खोबरेल घालावे, म्हणजे शिट्टीतून पेज उडून शेगडी माखत नाही. एक शिट्टी, दहा मिनिटे बारीक आच, आणि मग वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकण बंद. ती वाफ फुकटचा गॅस आहे. अळसांद्यांना (चवळीच्या जातीचे कडधान्य) आणि वाटाण्याला आमच्या हलक्या पाण्यात सोडा लागत नाही, आठ तास भिजवणे पुरे. ते दडस राहतात ते सोलं किंवा चिंच आधी घातल्यामुळे. आंबट नेहमी मऊ शिजल्यावर.

मासळीची भांडी आधी गार पाण्याने, मग साबणाने. गरम पाणी आधी ओतले की मासळीचा अंश शिजून भांड्याला चिकटतो आणि वास आत कोंडतो. हुमणातून (मासळीच्या कालवणातून) काढलेले सोल टाकू नये. ते भांड्यावर, हातावर, पाटावर चोळले की आंबटाने वास मरतो. बिडाचा तवा धुतल्यावर मिनिटभर आचेवर ठेवून पूर्ण सुकवावा आणि बोटभर तेल चोळून पुन्हा कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. तेल जाड राहिले की आठवड्यात चिकट होते. डाळी, सुकी सुंगटे (कोळंबी), मिरच्या तापवून भरताना पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नये. गरम भरले की झाकणाला आतून पाणी सुटते आणि मेहनतीने सुकवलेले तेच ओले होते. मोठा डबा पंधरवड्यातून एकदाच, पाऊस थांबलेल्या दुपारी उघडावा. रोजच्यासाठी लहान डबा वेगळा.

चवथीच्या समया, तांबे, घंगाळी यांना पुडीचे पॉलिश नको. वापरलेली सोलं आणि मीठ, किंवा बिंबल आणि मीठ. दोन मिनिटे चोळले की काळेपणा सुटतो. त्याहून जास्त वेळ आम्ल लावून ठेवले तर पितळेतले जस्त आधी निघते आणि भांडे तांबूस पडते. लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरड्या राखेने किंवा बारीक रांगोळीने घासून कोरडे करावे. ओले राहिले तर दुसऱ्या दिवशी हिरवी कळा येते, आणि ती आधी दिसते समईच्या खोबणीत, जिथे मळसूत्राने दांडा बसतो. म्हणून समई सुटी करूनच घासावी आणि मळसूत्रावर खोबरेलाचे एक बोट फिरवून मगच जोडावी. कल्हई केलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूला यातले काहीही लावू नये. कल्हई पातळ असते, आंबट आणि मीठ ती उतरवतात, आणि कल्हईवाला आता दारावर येत नाही.

आपल्या नियमित वाचक,
काही गृहिणी, फोंडा